रासायनिक बदल : खुणा आणि खात्री

(केंद्रस्तरीय शिक्षण परिषदेत प्राथमिक शिक्षकांपुढे दिलेले व्याख्यान)



आजच्या परिषदेसाठी मला जो विषय नेमून देण्यात आला आहे, तो उच्च प्राथमिक वर्गांच्या विज्ञानातला एक लहानसा घटक आहे. रासायनिक बदल कसा ओळखावा, एवढाच तो विषय. आपणांपैकी पुष्कळांनी तो अनेक वर्षे शिकविला आहे. तेव्हा त्यातील प्राथमिक माहिती आपणांस सांगत बसणे उचित होणार नाही. हा घटक शिकविताना कोठे घोटाळा होतो, आपल्या बीड जिल्ह्याच्या खेड्यात त्याची साधने कोणती मिळतात, आणि त्याचा मुलाच्या पुढील आयुष्याशी काय संबंध पोहोचतो, या तीन गोष्टींविषयी मी बोलणार आहे.

वर्गात जाऊन ‘रासायनिक बदल म्हणजे काय?’ असे विचारले, तर मुले एका दमात उत्तर देतात : ‘जो बदल कायमचा असतो आणि ज्यातून मूळ पदार्थ परत मिळत नाही, तो रासायनिक बदल.’ उत्तर पाठ असते व त्यास गुणही मिळतात. परंतु त्याच मुलास ‘मडके फुटले, हा बदल कोणता?’ असे विचारून पाहावे. फुटलेले मडके पुन्हा सांधत नाही, म्हणून पाठ केलेल्या नियमाप्रमाणे मूल ‘रासायनिक’ असे सांगते आणि तेथे ते फसते. मडक्याची खापरी ही मडक्याच्याच पदार्थाची असते. नवा पदार्थ तेथे झालेला नाही. उलट, कुंभाराने कच्चे मडके आव्यात भाजले तेव्हा खरा रासायनिक बदल घडला. कच्चे मडके पाण्यात ठेवले तर त्याचा चिखल होतो. भाजलेल्या मडक्यात आपण पाणी भरून ठेवतो. माती तीच दिसली तरी पदार्थ बदलला आहे.

तात्पर्य, ‘कायमचा की तात्पुरता’ हा प्रश्न दुय्यम आहे. मुख्य प्रश्न एकच : नवा पदार्थ तयार झाला काय? हा प्रश्न मुलाच्या मनात नीट रुजला, तर बाकीचे सर्व ओघाने येते.

खुणा कोणत्या?

नवा पदार्थ झाला हे डोळ्यांना एकदम दिसत नाही. म्हणून आपण खुणांचा आधार घेतो. रंग बदलणे, बुडबुडे येऊन वायू निघणे, स्वच्छ द्रावणात साका धरणे, उष्णता किंवा प्रकाश बाहेर पडणे, आणि वास पालटणे, या पाच खुणा सर्वत्र सांगितल्या जातात. त्या उपयुक्त आहेत यात शंका नाही. परंतु गुन्ह्याच्या जागी पाऊल उमटलेले दिसले म्हणजे ते चोराचेच असे ठरत नाही. ते घरमालकाचेही असू शकते. खुणांचेही तसेच आहे.

बुडबुड्यांचे उदाहरण घ्या. चुलीवरच्या पाण्याला उकळी फुटते तेव्हा बुडबुडे येतात. पण ती पाण्याचीच वाफ असते. थंड ताटलीवर धरली की तिचे पुन्हा पाणी होते. सोड्याची बाटली उघडताच फसफस होते. तेथे पाण्यात दाबून विरघळविलेला वायू केवळ बाहेर पडतो. मात्र खाण्याच्या सोड्यावर लिंबू पिळले असता जी फसफस होते, ती नव्या वायूच्या निर्मितीची आहे. बुडबुडे तिन्ही ठिकाणी, रासायनिक बदल एकाच ठिकाणी. रंगाचेही तेच. पाण्यात निळीची पूड टाकली तर पाणी निळे होते; तेथे रंग केवळ पसरला. पण चिरून ठेवलेले वांगे काही वेळाने काळपट पडते, तेथे हवेतील प्राणवायूशी संयोग होऊन नवे पदार्थ झाले.

कापूर हे तर या धड्याचे उत्तम साधन आहे. डबी उघडी राहिली तर कापूर हळूहळू उडून जातो. तो हवेत कापूर म्हणूनच मिसळतो. हा भौतिक बदल. तोच कापूर आरतीत पेटविला की काजळी, उष्णता व प्रकाश मिळतात आणि कापूर कापूर राहत नाही. हा रासायनिक बदल. दोन्ही वेळा कापूर ‘नाहीसा’ झाला. परंतु नाहीसे होण्याचे प्रकार दोन. वस्तू एकच असताना बदल दोन प्रकारचे कसे घडतात, हे यावरून मुलांस चांगले पटते.

म्हणून माझी विनंती अशी की, एका खुणेवर निकाल देण्याची सवय मुलांस लावू नये. खूण दिसली की पुढचा प्रश्न विचारावा : ‘नवा पदार्थ झाला असे तू म्हणतोस, तो कोणता, आणि कशावरून?’

आपल्या गावातील प्रयोगशाळा

आता साधनांकडे वळू. आपल्या अकरा तालुक्यांतील कित्येक शाळांत प्रयोगाचे साहित्य अपुरे आहे, ही वस्तुस्थिती आहे. तथापि या घटकापुरते बोलायचे तर शेत, स्वयंपाकघर आणि किराणा दुकान यांतून पुरेसे साहित्य जमते.

पहिला प्रयोग चुनखडीचा. आपल्या काळ्या जमिनीत नांगरट करताना पांढरे, ओबडधोबड खडे वर येतात. त्यांतला एक खडा कुटून त्याच्या भुकटीवर लिंबाचा रस टाकावा. बारीक फेस येतो. शेजारी साध्या काळ्या दगडाची भुकटी ठेवून तिच्यावरही तोच रस टाकावा. तेथे काही होत नाही. दोन्ही गोष्टी शेजारी शेजारी करणे महत्त्वाचे आहे. ‘रसानेच फेस येतो’ ही शंका त्यामुळे दूर होते.

दुसरा प्रयोग या फेसातील वायू कोणता हे शोधण्याचा. खाण्याचा चुना पाण्यात ढवळून काचेच्या बाटलीत रात्रभर ठेवावा. सकाळी वरचे नितळ पाणी हलक्या हाताने ओतून घ्यावे. ही चुन्याची निवळी होय. ती शिक्षकानेच करावी. एका बाटलीत सोडा व लिंबाचा रस एकत्र करून निघणारा वायू नळीने या निवळीत सोडला, तर ती दुधासारखी पांढरी होते. आपण नळीने निवळीत श्वास सोडला, तरीही ती पांढरी होते. दोन्ही ठिकाणी वायू एकच : कार्बन डायऑक्साइड, ज्यास जुन्या पुस्तकांत कर्बाम्ल वायू म्हणत. मुलांकडून फुंकर घालवून घ्यायची असल्यास नळीला वरच्या बाजूस टाचणीने एक छिद्र पाडावे, म्हणजे चुकून ओढली गेली तरी निवळी तोंडात येत नाही.

येथे पुष्कळ शिक्षक थांबतात. माझे सांगणे असे की, थांबू नये. पांढऱ्या झालेल्या निवळीत वायू तसाच सोडत राहावा. थोड्या वेळाने ती पुन्हा नितळ होते! मुले चकित होतात. प्रथम जो साका धरला तो चुनखडीचाच पदार्थ, कॅल्शियम कार्बोनेट. अधिक वायू मिळाल्यावर त्यापासून पाण्यात विरघळणारा दुसरा पदार्थ, कॅल्शियम बायकार्बोनेट, झाला. आता हे नितळ पाणी तापवावे. ते पुन्हा गढूळ होते. आपल्या अनेक गावांत विंधन विहिरीचे पाणी तापविले की भांड्याच्या तळाशी पांढरा थर बसतो. तो थर येतो कोठून, याचे उत्तर या बाटलीत आहे. त्या थरावर लिंबू पिळून पाहण्यास मुलांस घरी सांगावे. शेतातील खडा, शाळेतील बाटली आणि घरातील पातेले ही एकाच गोष्टीची तीन रूपे आहेत, हे ज्या मुलाला उमगले त्याला रसायनशास्त्राची गोडी लावण्यासाठी वेगळे काही करावे लागत नाही.

तिसरा प्रयोग हळदीचा. पाण्यात कालवलेली हळद कागदाच्या पट्ट्यांना लावून वाळवावी. पट्टीवर निवळीचा थेंब टाकला की लाल डाग उमटतो. त्या डागावर लिंबाचा रस टाकला की तो पुन्हा पिवळा होतो. हळद आणि चुना यांपासून कुंकू करण्याची आपली जुनी रीत याच गुणावर आधारलेली आहे. कपड्यावर पडलेल्या हळदीच्या डागास साबण लावला की तो लाल होतो, हे प्रत्येक मुलाच्या आईस ठाऊक आहे. आता पाहा, हा बदल रासायनिक आहे, आणि तरीही तो उलटविता येतो. ‘कायमचा असेल तरच रासायनिक’ या नियमाची मर्यादा दाखविण्यास एवढी एक पट्टी पुरे.

चौथा प्रयोग कोयत्याचा. आपल्या जिल्ह्यातील हजारो कुटुंबांच्या घरी ऊसतोडीचा कोयता आहे. हंगाम संपल्यावर तो तेल लावून का ठेवतात, हा प्रश्न मुलांनाच विचारावा. मग तीन बाटल्यांत तीन लोखंडी खिळे ठेवावेत. पहिल्या बाटलीत साधे पाणी, खिळा अर्धा बुडेल इतके. दुसरीत उकळून गार केलेले पाणी, खिळा पूर्ण बुडेल इतके, आणि त्यावर तेलाचा थर. तिसरी कोरडी, बूच घट्ट लावलेली. काही दिवसांनी पहिल्या बाटलीतील खिळा चांगलाच गंजलेला आढळतो. इतर दोन बहुधा तसेच राहतात. गंजण्यास पाणी आणि हवा दोन्ही लागतात, हा निष्कर्ष मुलांनी स्वतः काढावा. गंज म्हणजे लोखंड झिजून गेले अशी सर्वसाधारण समजूत असते. वास्तविक लोखंडाने हवेतील प्राणवायू व पाणी स्वतःत सामावून घेतलेले असते, त्यामुळे सगळा गंज जमा करून तोलला तर तो गंजलेल्या लोखंडापेक्षा जड भरतो. धातू हवेत तापविल्यावर त्याचे वजन वाढते ते हवेचा एक भाग त्यास मिळाल्यामुळे, ही गोष्ट फ्रान्समधील लव्हाझिए या शास्त्रज्ञाने 1770 नंतरच्या दशकात काळजीपूर्वक वजने करून दाखविली, आणि तेथून आधुनिक रसायनशास्त्राचा पाया घातला गेला. तराजू हे त्याचे मुख्य शस्त्र होते, आणि तराजू आपल्या प्रत्येक गावात आहे.

या चार प्रयोगांनंतर शक्य असल्यास मुलांस गुऱ्हाळावर न्यावे. तेथे बदल मोजण्यास सांगावे. चुलवाणात चिपाड जळते, हा रासायनिक बदल. काहिलीतल्या रसातील पाणी वाफ होऊन जाते, हा भौतिक. रसात चुन्याचे पाणी घातले की रसातील आम्लता कमी होते व मळी वर येऊ लागते. येथे चुन्याची क्रिया रासायनिक, मळी काढून टाकणे हे केवळ वेगळे करणे. रस आटत असता रंग गडद होतो व गोडसर खमंग वास सुटतो. तेथे उष्णतेने साखरेचे रूपांतर होऊ लागलेले असते. शेवटी पाक थंड होऊन ढेप घट्ट बसते, हा पुन्हा भौतिक. गुळव्या हे सर्व रंग, वास व बुडबुड्यांचा आकार पाहून ओळखतो. त्याच्याशी मुलांनी बोलावे, त्यास प्रश्न विचारावेत. वर्षानुवर्षे खुणा वाचणारा तो एक जाणता मनुष्य आहे.

चमत्कार आणि चिकित्सा

आता मी या विषयाच्या अशा भागाकडे येतो की, ज्यामुळे तो परीक्षेच्या दोन गुणांपुरता राहत नाही.

कोणी एक महाराज गावात येतो. लिंबू कापतो आणि त्यातून ‘रक्त’ निघते. घरात करणी झाल्याचे तो सांगतो. समिधांवर ‘तूप’ सोडून मंत्र म्हणतो आणि काडी न ओढता अग्नी प्रकटतो. भोळी माणसे हात जोडतात. पुढे दागिने, पैसे, आणि कित्येकदा आजारी माणसाच्या उपचाराची अमोल वेळ त्यांच्या हातून जाते. यातील ‘रक्त’ म्हणजे सुरीला आधी लावून ठेवलेला, आम्लाशी संबंध येताच लाल होणारा रंग. अग्नीचे रहस्य असे की, विहिरीचे पाणी शुद्ध करण्यासाठी पूर्वी जे जांभळ्या खड्यांचे औषध टाकीत, ते पोटॅशियम परमँगनेट समिधांत दडविलेले असते, आणि तूप म्हणून जे ओततात ते ग्लिसरीन असते. या दोहोंचा संयोग झाला की उष्णता वाढत जाते व काही क्षणांत ज्वाळा निघते. मंत्र कोणताही म्हणा, किंवा मुळीच म्हणू नका, ज्वाळा निघणारच.

महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या कार्यकर्त्यांनी असे प्रयोग गावोगावी, शाळाशाळांतून करून दाखविले आणि त्यामागील कारणे समजावून सांगितली. 1989 साली ही समिती स्थापन करणारे डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची 20 ऑगस्ट 2013 रोजी पुण्यात गोळ्या झाडून हत्या झाली. त्यानंतर चारच दिवसांनी राज्य शासनाने जादूटोणाविरोधी वटहुकूम काढला व त्याच वर्षाच्या डिसेंबरात विधिमंडळाने कायदा संमत केला. तथाकथित चमत्कार करून पैसा मिळविणे आणि लोकांना फसविणे हा आता महाराष्ट्रात गुन्हा आहे. त्याआधी, 1976 साली, वैज्ञानिक दृष्टिकोन बाळगणे हे भारतीय संविधानात नागरिकाचे मूलभूत कर्तव्य म्हणून नमूद झाले. परंतु कायदा गुन्हा घडल्यावर धावतो. गुन्हा घडण्यापूर्वी मुलाच्या मनात प्रश्न उभा करणे हे शिक्षकाचे काम आहे.

येथे एक सावधानता बाळगावी. कोणाच्या श्रद्धेची चेष्टा करण्याचे कारण नाही. घरी देवापुढे कापूर जळतो तो जळू द्यावा. आपण मुलास इतकेच शिकवावे की, रंग पालटला, धूर निघाला, ज्योत उठली, तर ‘यात कोणता पदार्थ होता आणि आता कोणता आहे?’ हे विचारावयाचे. हळदीची पट्टी ज्याने स्वतः लाल व पुन्हा पिवळी केली आहे, ते मूल लिंबातील रक्ताने सहसा घाबरत नाही. अग्नीचा प्रयोग मात्र प्राथमिक शाळेत मुलांच्या हातून कदापि करवू नये; त्याचे स्पष्टीकरण सांगणे पुरे.

सुरक्षितता

नेत्रदीपक प्रयोगांचे आकर्षण मुलांना असते, तसे ते शिक्षकालाही असते. म्हणून काही गोष्टी स्पष्टपणे सांगणे माझे कर्तव्य आहे.

कळीच्या चुन्यावर पाणी पडले की तो फुगतो, तडकतो व पाणी उकळू लागण्याइतकी उष्णता निघते. हा बदल पाहण्यासारखा खरा, परंतु चुन्याचा कण डोळ्यात उडाला तर दृष्टी कायमची जाऊ शकते. तंबाखूबरोबर मिळणाऱ्या चुन्याच्या पुड्या व नळ्या दाबून खेळताना चुना डोळ्यात उडून लहान मुलांना इजा झाल्याची उदाहरणे नेत्रवैद्यांना चांगली परिचित आहेत. ही सूचना प्रत्येक पालकसभेत द्यावी. असा प्रसंग आलाच तर एक क्षणही न दवडता पापण्या उघड्या धरून डोळा स्वच्छ पाण्याच्या धारेने निदान पंधरा-वीस मिनिटे धुवावा, दिसणारे कण काढावेत आणि मग तातडीने रुग्णालयात न्यावे. तूप, दूध, लिंबू यांपैकी काहीही डोळ्यात घालू नये. धुण्यापूर्वी वाहनाची वाट पाहत बसू नये.

सोडा व लिंबू एकत्र केलेल्या बाटलीस बूच घट्ट लावू नये; वायूच्या दाबाने ती फुटते. शेतीचे मोरचूद वापरून लोखंडी खिळ्यावर तांब्याचा थर चढविण्याचा प्रयोग सुंदर आहे, पण मोरचूद विषारी आहे. तो शिक्षकाने स्वतः करावा व ती बाटली पुन्हा खाण्यापिण्यास वापरू नये. फटाक्यांची दारू काढून प्रयोग करण्यास सक्त मनाई करावी. प्रयोगातील कोणताही पदार्थ चाखू नये, मग तो स्वयंपाकघरातला का असेना.

नोंद कशी करावी?

प्रयोग झाला, टाळ्या पडल्या, आणि मुले घरी गेली, असे होऊ नये. वहीत चार रकाने आखावेत : आधी काय होते, काय केले, काय दिसले, यावरून काय वाटते. ‘दिसले’ आणि ‘वाटते’ हे रकाने वेगळे ठेवण्यावर कटाक्ष असावा. ‘पाणी पांढरे झाले’ हे दिसले. ‘साका धरला’ हे अनुमान. हा भेद पाचवी-सहावीच्या वयात अंगवळणी पडला तर पुढे वृत्तपत्र वाचताना, भाषण ऐकताना आणि मोबाईलवर आलेला संदेश पाहतानाही तो उपयोगी पडतो.

आपल्या जिल्ह्यात हा विषय शिकविताना ऋतूचेही भान ठेवावे लागते. दिवाळीच्या सुमारास कित्येक मुले आईवडिलांबरोबर ऊसतोडीस पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात जातात. काही हंगामी वसतिगृहात राहतात. पण सर्वच राहत नाहीत. म्हणून हे प्रयोग शक्य तो सत्राच्या आरंभीच उरकावेत आणि जाणाऱ्या मुलाबरोबर चार रकान्यांची वही द्यावी. कोपीसमोरच्या चुलीत पाचट जळते, कोयता दवाने गंजतो, कारखान्यात उसाचा रस चुना आणि गंधकाच्या धुराने स्वच्छ केला जातो. पाहण्यासारखे तेथेही पुष्कळ आहे. मायकेल फॅरडे या थोर शास्त्रज्ञाने 1860-61 च्या नाताळात लंडनमध्ये मुलांसमोर सहा व्याख्याने दिली, ती सर्व एका मेणबत्तीवर. मेणबत्तीवर सहा दिवस बोलता येते, तर चुलीवर सहा महिने नोंदी का करता येऊ नयेत? मूल परत आले की ती वही वर्गात सर्वांसमोर वाचून घ्यावी. सहा महिने बुडालेला विद्यार्थी म्हणून ते मागे बसते. त्या दिवशी ते पुढे येऊन सांगेल आणि बाकीचा वर्ग ऐकेल.

पुढील परिषदेस येताना प्रत्येकाने आपल्या शाळेतील एका तरी मुलाची अशी वही बरोबर आणावी, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.